बांडीला धुतलं त्या दिवशी

मेंढरू धुवायचं काम काय असतंय ते मला इचारा. कातरायच्या आधी एकेक मेंढी डोहात घालायची, दोन गुडघ्यांत धरायची अन् लोकर चोळून चोळून नितळ पाणी येईस्तोवर धुवायची. तिला बुडू द्यायचं न्हाय अन् सुटू बी द्यायचं न्हाय. भूम तालुक्यात मेंढरामागं फिरणाऱ्या बायांत ह्या कस्तुराबाईसारखी धुणारी दुसरी न्हाय, असं माणसं म्हणत्यात. म्या म्हणत न्हाय. बरं, म्या बी म्हणते, खरं हाय तर लाजायचं कशाला?

मालक गेले, मेंढरं इकली अन् म्या भूममधी ल्योकाच्या घरी ऱ्हायला आले. आमचा भागवत एसटीच्या डेपोत नोकरीला हाय. स्लॅबचं घर, दारात नळ, खाली फरशी, सगळं झ्याक. पर घरात जनावर न्हाय. सकाळी उठून माणसानं बघायचं तरी कुणाकडं? मंग म्या एक मांजर पाळलं. काळी अन् पांढरी, मधी मधी ठिपक्यांची. आमच्यात असल्या रंगाच्या मेंढीला बांडी म्हणत्यात, म्हणून हिचं बी नाव बांडी.

भागवतनं हरकत घेतली न्हाय, पर सुनेचं तोंड बघण्यासारखं झालं. शिवरंजनी तिचं नाव. येवढं लांब नाव घेईस्तोवर दूध उतू जायचं, म्हणून म्या रंजी म्हणते. तुळजापूरकडच्या जळकोटची. हायवेच्या कडंला घर, शेती मायंदाळ, पर जनावरं सगळी गड्यानं बघायची. ही शिकली, शिवणकाम शिकली, हातात कला लई हाय. भूमच्या बाया हिच्याकडनं ब्लाऊज शिवून घ्यायला रांग लावत्यात. पर जनावराचं नाव काढलं की बाईसाहेबांचे पाय वर. लगीन होऊन आली तवा म्या कौतुकानं तिच्या मांडीवर नुकतं झालेलं कोकरू ठिवलं, तर अशी किंचाळली की पाव्हणे जेवायचे थांबले. माझं तोंड येवढंसं झालं. मेंढरावाल्याच्या घरात आली अन् कोकराला भेती! म्या मनात म्हणलं, कस्तुरे, तुझ्या नशिबाला हीच सून यायची होती.

तर ही रंजी बांडीला कधी शिवली न्हाय. भाकरीचा तुकडा बी लांबनं टाकायची. बांडी पायाजवळनं गेली की मशिनीवर पाय दुमडून बसायची. म्या हसायचे, कधी कधी बोलायचे बी. तिनं कधी उलटून उत्तर दिलं न्हाय, ते तिचं मोठं काम.

यंदा उन्हाळा लागायच्या तोंडाला बांडी व्याली. मागच्या खोलीत जुन्या टोपल्यात म्या घोंगडीचा तुकडा टाकला होता, त्यात तीन पिल्लं. डोळं मिटलेली, तळहातात मावतील येवढी. बांडी पिल्लापासनं हलंना, मंग उंदरांचं फावलं. ज्वारीची पोती कुरतडली, रंजीच्या गिऱ्हाइकाचा एक रेशमी तुकडा खाल्ला. भागवत बाजारातनं ती चिकट पाटी घेऊन आला. वहीसारखी उघडायची, आत पिवळा गोंद, उंदीर पाय ठिवतो अन् चिकटून बसतो. पोत्यांच्या मागं ठिवली अन् म्हणला, "आई, तिकडं हात घालू नको." म्या म्हणलं, "मला काय करायचंय तिकडं?" बांडीला मातर कुणी सांगितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी भागवत ड्युटीवर गेला. म्या अंगणात उन्हाला बसले होते. आतनं रंजीचा आवाज आला, "आत्या! वो आत्या! लवकर या!"

मला वाटलं मांजर पायावरनं गेलं असंल. "आले आले, खाणार न्हाय ती तुला," असं म्हणत म्या उठले. आत जाऊन बघते तर काय! बांडी सयपाकघराच्या मधोमध, अन् तिच्या पोटाला ती पाटी चिकटलेली. पाटीच्या कोपऱ्यात एक चिकटून मेलेला उंदीर, त्याच्यावर उडी घातली असणार बिचारीनं. सगळं पोट पाटीवर, एक मागचा पाय बी त्यातच. ती तीन पायांवर उठायची, पाटी फरशीवर खरडायची, परत पडायची. वरडत बी न्हवती, नुसतं तोंड उघडायची. मुडदा बशिवला त्या पाटीचा!

अन् तशीच सरपटत ती मागच्या खोलीकडं निघाली. तिकडनं पिल्लं वरडायली होती.

"रंजे, दार लाव!" म्या वरडले. "तशीच पिल्लांवर बसली तर पिल्लं चिकटत्याल!"

रंजी पळाली अन् दार वढून घेतलं. बांडी दाराला तोंड लावून बसली. पलीकडनं पिल्लं, अलीकडनं ही. पिल्लं पहाटंपासनं उपाशी असतील. येवढी येवढी पिल्लं, दुधावाचून किती टिकायची? अन् ज्या पोटाला दूध, त्याच पोटाला गोंद.

आता तुम्हाला सांगते, माझ्या हाताखाली जलमात एक कोकरू दुधावाचून मेलं न्हाय. मेंढी मेली तर शेळीला लावलं, शेळी न्हाय तर चिंधीनं पाजलं, पर मरू दिलं न्हाय. ती माझी शान होती. अन् आता म्हातारपणी ह्या फरशीच्या घरात, ह्या पाटीपायी ती जायची? म्या म्हणलं, न्हाय. कस्तुरा जित्ती हाय तवर न्हाय.

आमचा उपाय ठरलेला. मेंढराच्या लोकरीला सडकेचं डांबर लागलं, चीक लागला, काय बी लागलं की रॉकेल. चिंधी भिजवायची अन् पुसायचं. रॉकेल आता मिळत न्हाय, पर म्या रेशनच्या वक्ताची एक बाटली जपून ठिवलेली. ती काढली, बूच उघडलं, चिंधी घेतली अन् बांडीजवळ बसले.

तर रंजीनं माझ्या हातातनं बाटली हिसकावून घेतली!

मजाल बघा! लगीन झाल्यापासनं माझ्यापुढं मान वर न केलेली पोरगी, अन् सरळ बाटली घेतली अन् पाठीमागं धरली.

"आत्या, थांबा की! पोटाला लावणार अन् तीच जागा पिल्लं चोखणार. अन् ती स्वतः बी चाटंल. रॉकेल पोटात जाईल सगळ्यांच्या."

"तू मला शिकवती व्हय गं? जनावर कधी हातात धरलंस का?"

"न्हाय धरलं," ती म्हणली. पर बाटली काय देईना. "डॉक्टरला फोन लावते. ते लाव म्हणले तर मीच वतते."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी चुकली. चुकली बिकली काय न्हाय. मेंढी अंग चाटत न्हाय, मांजर चाटतंय, येवढाच फरक. पर तो फरक रंजीच्या ध्यानात आला अन् माझ्या न्हाय आला, हे बी खरं हाय.

तिनं जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा नंबर काढला. डॉक्टर कुठंतरी खेड्यात लस टोचायला गेलेले, मागं गाई हंबरताना ऐकू येत होत्या. रंजीनं फोनचा आवाज मोठा केला. डॉक्टर म्हणले, "रॉकेल, पेट्रोल, थिनर, काही लावायचं नाही. कातडीला भाजतं आणि चाटलं तर विष. ओढून पण काढू नका, कातडी निघेल. खायचं तेल घ्या. कडेनं सोडत जा, बोटानं हळूहळू मोकळं करा. घाई नको."

"अन् केस कातरले तर?" म्या मधीच इचारलं. माझी लोकरीची कातर अजून ट्रंकेत हाय.

"पोटावर अजिबात नको, मावशी. सड कापले जातील. सगळं सुटलं की पीठ लावून तेल टिपून घ्या, मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडाचे थेंब टाकून धुवा. तोंडावर, कानात पाणी नको. मग साध्या कोमट पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा, साबणाचा अंश राहता कामा नये. आणि लगेच कोरडी करा, गार पडू देऊ नका. तोंडातून लाळ आली, अंग थरथरलं, तर काही न करता सरळ घेऊन या. मी दुपारपर्यंत दवाखान्यात येतो."

भांड्याचा साबण मांजराला! म्या जलमात ऐकलं न्हवतं. पर तेलकट तवा निघतो तर तेलकट मांजर का निघणार न्हाय, म्या म्हणलं, चला.

तेल आमच्या घरी करडीचं असतंय, घाण्यावरनं काढून आणलेलं. रंजीनं वाटीत काढलं, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, भागवतचा जुना टावेल आणला. पाणी तापवलं, कोपर बुडवून बघितलं, लेकराला न्हाऊ घालताना बघत्यात तसं. सगळी तयारी झाली. मंग आमी दोघी एकमेकींकडं बघायला लागलो.

कारण हिशोब सरळ होता. धरायला म्या, त्यात काय वाद न्हाय. पर पोटावरचा गोंद कुणी काढायचा? माझी बोटं आता संधिवातानं वाकडी झाल्यात. सुई पडली तर उचलता येत न्हाय. गोंदात अडकलेला एकेक केस मोकळा करायचा म्हणजे बारीक काम. ते माझ्याच्यानं होणार न्हवतं. म्या ते तोंडानं बोलले न्हाय. आयुष्यभर ज्या हातांच्या जिवावर तोरा मिरवला, ते हात ऐन टायमाला कामाचे न्हाय, हे सुनेपुढं कसं बोलायचं?

पोरीनं माझ्या बोटांकडं बघितलं. मंग बांडीकडं बघितलं. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या अन् फरशीवर मांडी घातली.

"तुम्ही घट्ट धरा आत्या," म्हणली. "मी करते."

मेंढी कातरताना तिला बुडावर बसवायची, पाठ आपल्या पोटाला टेकवायची अन् पुढचे पाय आपल्या हातात. तशी धरली की मेंढी गप पडते. बांडीला म्या टावेलात गुंडाळलं, पुढचे पाय आत घेतले, तोंड माझ्या कोपराकडं केलं अन् पाटी लागलेलं पोट रंजीकडं. बांडी गुरगुरायला लागली. म्या आमच्या मेंढरांना करायचे तसा आवाज केला, "हिर्रर्र, हिर्रर्र." तिनं कान मागं टाकले, पर धडपड थांबवली.

रंजीनं तेलात बोट बुडवलं अन् हात पुढं आणला. मधीच मागं घेतला, तेल फरशीवर सांडलं. परत बुडवला. परत आणला. अन् टेकवला! माझी सून, जी मांजर बघून पाय दुमडून बसायची, तिनं मांजराच्या पोटाला हात लावला.

"गरम हाय," ती म्हणली. जणू काय नवलच.

"मंग काय गार असणार? जित्तं जनावर हाय ते."

कडंनं तेल सोडलं, जरा थांबली, परत सोडलं. मंग दोन बोटांच्या चिमटीत केसांची एक बट धरली अन् पाटीपासनं हळू, अगदी हळू सोडवली. शिलाई उसवताना कापड फाटू न देता दोरा काढत्यात, तसं. एक बट सुटली, दुसरी सुटली. सडाच्या भोवती आली तवा तर श्वास बी घेईना. मला माझा श्वास ऐकू यायला लागला. पलीकडनं पिल्लं वरडायलीत, बांडी त्या आवाजाला अंग ताठ करायलीय, अन् रंजीचं सगळं ध्यान त्या चिमटीत.

"वढ की जरा," म्या बोलून गेले. म्हातारपणी दम निघत न्हाय.

"डॉक्टर न्हाय म्हणलेत ना आत्या." वर बघितलं बी न्हाय तिनं.

मला राग आला अन् बरं बी वाटलं. दोन्ही एकदमच.

पाटी अखेर सुटली. म्या ती पायानं लांब ढकलली अन् दोन शिव्या हासडल्या. पाय मोकळा झाला, पोट मोकळं झालं. पर अजून गोंदाचे गोळे केसांत होतेच. तिनं परत तेल लावलं, चिंधीनं पुसलं, परत लावलं. मंग ज्वारीचं पीठ भुरभुरलं, बोटांनी हलकं चोळलं अन् झटकलं. पिठाबरोबर तेल बी निघालं अन् गोंद बी. मांजर दिसायला लागलं कोंड्याच्या पोत्यातनं काढल्यासारखं. आमी दोघी हसलो. तवा पहिल्यांदा हसलो.

खरी परीक्षा पाण्याची होती. न्हाणीत टब ठिवला, त्यात बोटभर पाणी. मेंढीला पाण्याची सवय असती, मांजराला पाणी म्हणजे वैरी. बांडीचे पाय पाण्याला टेकले अन् तिनं असा हिसडा मारला की टावेल सुटला. एक पुढचा पाय बाहेर आला, अन् त्या नखांनी रंजीच्या हातावर कोपरापासनं मनगटापर्यंत वढलं. रक्त आलं. म्या म्हणलं, संपलं, आता ही सोडणार, किंचाळणार, मांजर पळणार, अन् तेलकट अंगाला सगळी धूळ चिकटणार.

पोरीनं सोडलं न्हाय.

डोळ्यांत पाणी आलं तिच्या, ओठ दातात धरला, पर हात तसाच बांडीच्या छातीखाली. अन् तोंडानं "हिर्रर्र, हिर्रर्र" करायला लागली. माझाच आवाज! कधी शिकली कुणास ठाऊक. तिच्या जळकोटच्या तोंडात तो जरा येगळा वाटला, पर बांडीला कळला. बांडी गप झाली.

मंग म्या एका हातानं बांडीला धरून तांब्यानं पाणी घातलं अन् रंजीनं धुतलं. तोंडाला थेंब लागू दिला न्हाय. फेस काढला, पाणी टाकलं, नवं कोमट पाणी घेतलं, परत धुतलं. पोटाला नाक लावून वास घेतला. होय, नाक लावलं! "अजून येतोय साबणाचा," म्हणली, परत धुतलं. म्या म्हणलं बास, तर म्हणली न्हाय, पिल्लांच्या तोंडात जायचंय ते. नितळ पाणी येईस्तोवर धुतलं. डोहात उभं राहून म्या हेच तर करायचे, अन् पोरगी कधी डोहात उतरली न्हाय.

कोरड्या टावेलात गुंडाळून अंगणात उन्हाला बसलो. रंजीनं टिपून टिपून बांडीला कोरडी केली. उन्हात ते काळं-पांढरं अंग असं चमकायला लागलं की म्या बघतच राहिले. लाळ न्हाय, थरथर न्हाय. रंजीनं डॉक्टरला तसं फोनवर सांगितलं. ते म्हणले, आता पिल्लांना लावा.

आमी मागच्या खोलीचं दार उघडलं. बांडी धावत गेली, टोपल्यात उतरली. पिल्लं तिच्याकडं सरकली. म्या देवाला हात जोडले. अन् तेवढ्यात पिल्लं तिच्या पोटाला तोंड लावून मागं झाली. इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, अन् सड सोडून वरडत घोंगडीत तोंड खुपसायला लागली. बांडीनं बी स्वतःचं पोट हुंगलं, नाक फेंदारलं, अन् उठून दाराशी जाऊन बसली.

वास. किती बी धुतलं तरी तेलाचा, साबणाचा, माणसाच्या हाताचा वास. तिचा स्वतःचा वास आमी धुऊन टाकला होता.

माझं अवसान गेलं. मेंढीचं बी असंच असतंय, कोकराचा वास बदलला की ती त्याला ढुशी मारती. तवा आमी काय करायचो, मेंढीचं दूध काढायचं अन् कोकराच्या अंगाला चोळायचं, मंग ती घेती जवळ. पर मांजराचं दूध कोण काढणार? म्या तिथंच खाली बसले. एक पिल्लू तर आता वरडत बी न्हवतं, नुसतं तोंड हलवायचं.

"आत्या, काय झालं? मेंढीला काय करत होतात?" रंजीनं इचारलं. म्या सांगितलं अन् म्हणलं, "पर इथं ते चालत न्हाय गं."

तिनं टोपल्याकडं बघितलं. मंग म्हणली, "आईचा वास पिल्लांना लावता येत न्हाय, तर पिल्लांचा आईला लावू."

तिनं पिल्लांच्या खालनं घोंगडीचा तो तुकडा हळूच काढला. पिल्लांच्या अंगाचा, दुधाचा, मुताचा वास त्याला भरून राहिलेला. बांडीजवळ बसली अन् त्या तुकड्यानं तिचं पोट पुसलं, कुशी पुसल्या, मांड्या पुसल्या. नाकाला पदर बी लावला न्हाय. बांडी हुंगायला लागली. तुकडा हुंगला, पोट हुंगलं, परत तुकडा. रंजीनं तो तुकडा परत टोपल्यात टाकला, त्यावर पिल्लं ठिवली, एकेक करून, स्वतःच्या हातानं. ते गप पडलेलं पिल्लू सगळ्यात मधी.

बांडी उठली. टोपल्याजवळ गेली. आत उतरली अन् आडवी झाली.

आधी एक लागलं. मंग दुसरं. त्या तिसऱ्याला सड गावंना, तर रंजीनं बोटानं त्याचं तोंड धरून लावून दिलं. लागलं! अन् बांडीनं डोळं मिटून घुरघुर सुरू केली.

म्या रडले. लपवून ठिवण्यासारखं काय न्हाय त्यात. रंजी बी रडायली होती, त्या रक्ताळलेल्या हातानं डोळं पुसत. म्या तिचा हात धरला अन् नळाखाली नेला. साबण लावून लई येळ धुतला. "मांजराचं नख हाय," म्या म्हणलं, "सुई टोचून घ्यायला पाहिजे. चल दवाखान्यात." ती म्हणली, भागवत आल्यावर जाऊ. म्या म्हणलं, "त्याची काय गरज? म्या हाय की."

सरकारी दवाखान्यात ही गर्दी. आमी बाकड्यावर बसलो. कुणी काय इचारलं न्हवतं, पर माझ्या पोटात गोष्ट मावंना. शेजारच्या बाईला म्हणलं, "बघा, हात बघा पोरीचा. तरी सोडलं न्हाय." अन् मंग पहिल्यापासनं सांगायला घेतलं. पाटी कशी होती, रॉकेलची बाटली कशी माझ्या हातातनं काढली, तेल कसं सोडलं, पीठ कसं लावलं, घोंगडीचा तुकडा कसा फिरवला. पुढच्या बाकावरची माणसं मागं वळून ऐकायला लागली. रंजी माझा पदर वढायची, "हळू बोला, लोकं बघायलीत." म्या म्हणलं, "बघू दे की! बघण्यासारखंच काम केलंयस."

नर्सबाईनं सुई टोचली तवा बी ती हूं की चूं करत न्हाय, हे बी म्या सगळ्यांना दाखवलं.

ती शेजारची बाई सगळं ऐकून कौतुकानं म्हणली, "लई धीराची हाय वो. लेक हाय व्हय तुमची?"

"लेक?" म्या म्हणलं. "दोन लेकी हायत मला. मेंढरांत वाढल्यात, लई गुणाच्या हायत. पर त्यांना जनावराचं भ्याच न्हाय, त्यांचं काय कौतुक? ही भेती. जीव जाईस्तोवर भेती. अन् तरी तिनं हात घातला." रंजीनं खाली मान घातली, तर म्या तिची हनुवटी धरून वर केली, समद्यांना दिसंल अशी. "लेक न्हाय बाई. सून हाय ही माझी!"